बंद न पडणारी गाडी आणि दुरुस्त होणारी गाडी

चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून वर आलं की हेळवाकच्या आसपास चहाच्या टपऱ्या लागतात. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे वीस-पंचवीस मोटरसायकली सहज उभ्या दिसतात. त्यात एखादी चाळीस वर्षांची बुलेट असते, एखादी घासूनपुसून लख्ख केलेली यामाहा आरएक्स हंड्रेड असते, बाकीच्या गेल्या पाच-सहा वर्षांतल्या. चहा अर्धा होईपर्यंत वाद सुरू झालेला असतो. "माझी चाळीस वर्षं चालली, तुझी दहा तरी चालेल का?" जुन्या गाडीवाला विचारतो. "चाळीस वर्षं चालली, की चाळीस वर्षं ढकलली?" नव्या गाडीवाला उलट विचारतो. हसाहशी होते, चहाचे पैसे दिले जातात, गाड्या निघतात. हा संवाद मी वीस वर्षं ऐकतोय आणि तो एक पाऊलही पुढे सरकलेला नाही. एकाला लोखंडाचा अभिमान, दुसऱ्याला आकड्यांचा. 'भरवशाची गाडी' हा शब्द दोघांच्याही तोंडी असतो, पण पहिल्याच्या मनात त्याचा अर्थ 'बंद पडली तरी पुन्हा सुरू करता येते ती' असा असतो आणि दुसऱ्याच्या मनात 'मुळात बंदच पडत नाही ती'. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बंद न पडण्याच्या बाबतीत आजची साधी मोटरसायकलसुद्धा जुन्या कुठल्याही मोटरसायकलीच्या कितीतरी पुढे आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जुनी गाडी चालवण्यातला आनंद खरा आहे, पण तो गाडी जुनी आहे म्हणून मिळत नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती नव्या गाडीतही आणता येतात. जुन्या गाडीत होतं आणि नवीत हरवलं असं खरोखर काही असेल, तर ते म्हणजे तिच्या मालकाला आणि गावातल्या मिस्त्रीला ती उघडता येणं, समजून घेता येणं. भांडायचं असेल तर याच्यासाठी भांडायला हवं. टपरीवरच्या वादात मात्र हा मुद्दा येतच नाही.

जुन्या गाडीच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता, ते मी स्वतः अनुभवलंय. माझ्याकडे १९८४ सालची, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट आहे, काकांकडून आलेली. एका ऑगस्टमध्ये याच घाटात, संध्याकाळी सातच्या सुमाराला, धुक्यात आणि पावसात ती बंद पडली. आधी दोन-तीनदा फटफट करून मागे आवाज मारला आणि मग शांत. टॉर्च तोंडात धरून मी ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं झाकण काढलं. आत ओल होती आणि दोन्ही पॉइंटच्या तोंडांवर काळा थर बसला होता. रुमालाने आतली ओल टिपली, काडीपेटीची गुल घासायची बाजू फाडून तिने पॉइंट घासले, खिशातल्या जाड कार्डाच्या तुकड्याने फट अंदाजाने लावली. मग नेहमीची पूजा: चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत ॲमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत थांबायचं, इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून किक अजून जराशी खाली न्यायची, सोडायची आणि मग पूर्ण वजनाने एक लाथ. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. काडीपेटी, कार्ड, रुमाल आणि काकांनी शिकवलेली चार वाक्यं एवढ्या भांडवलावर मी रात्री कराडला घरी पोहोचलो. त्या रात्री गाडीबद्दल जे वाटलं, ते नव्या कुठल्याही गाडीबद्दल मला कधी वाटलेलं नाही.

पण हीच गोष्ट उलटीकडून पाहा. ती गाडी बंद का पडली? कारण तिच्यात ठिणगी पाडायचं काम दोन धातूचे तुकडे करतात, जे दर फेरीला एकमेकांपासून उघडतात, मिटतात आणि थोडे थोडे जळत जातात. ते झिजणं, त्यांच्यावर ओल बसणं हा अपघात नाही, त्या रचनेचाच तो भाग आहे. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि ही अख्खी कटकट संपली, घासायला काही उरलंच नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं आणि थंडीत चोक ओढणं, घाट चढताना मिश्रण बिघडणं, उभ्या गाडीचा जेट बुजणं हेही गेलं. मी बुलेटची एक वही ठेवतो. टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणारा भाग), क्लच वायर, पॉइंट, पॅकिंगमधून गळणारं ऑइल, सैल झालेले नट: दर पाच-सातशे किलोमीटरला तिच्यात काही ना काही नोंद आहे. घरातली दुसरी गाडी सहा वर्षांची आहे. अडतीस हजार किलोमीटरमध्ये ती रस्त्यात एकदाच थांबली (त्या एका वेळेबद्दल पुढे बोलायचंय). वीस मिनिटांत दुरुस्त झाल्याचं कौतुक करताना, अशी वीस मिनिटं वर्षातून किती वेळा जातात हे आपण मोजत नाही.

"पण ती अजून चालतेय ना?" हा पुढचा प्रश्न येतोच. चालतेय. मात्र तिच्याबरोबर त्याच वर्षी कारखान्यातून निघालेल्या बाकीच्या गाड्या कुठे आहेत? पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा जाऊन या. टाक्या, चाकं, उघडलेली क्रँककेस, गिअरबॉक्सचे दाते, यांचे ढीग पडलेले असतात. 'त्या काळच्या गाड्या टिकायच्या' असं आपण रस्त्यावर दिसणारी एक गाडी पाहून म्हणतो, ढिगातल्या गाड्या मोजणीत धरत नाही. आणि जी टिकली तिच्यात मूळचं काय उरलंय? माझ्या बुलेटचं सिलिंडर दोनदा बोअर झालं, म्हणजे आतून कोरून रुंद केलं, पिस्टन ओव्हरसाइझ बसला, कनेक्टिंग रॉड बदलला, वायरिंग तर पूर्णच नवं. ती टिकली याचं श्रेय तिचा आराखडा जिथला त्या इंग्लंडमधल्या रेडिचच्या किंवा ती जिथे बनली त्या मद्रासच्या कारखान्याइतकंच, माझ्या मते जास्तच, कराडमधल्या एका मिस्त्रीला आहे.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. बुलेट, जावा-येझदी, राजदूत ही मंडळी आपल्याकडे इतकी वर्षं राहिली ती उत्तम होती म्हणून, असं आपण धरून चालतो. बुलेट बनवणारी इंग्लंडमधली मूळ रॉयल एनफील्ड १९७० च्या सुमाराला संपली, १९५५ मध्ये मद्रासला सुरू झालेली तिची शाखा मात्र तेच इंजिन बनवत राहिली. म्हैसूरची आयडियल जावा १९६१ पासून झेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्यावर गाड्या काढत होती, एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या आराखड्यावर. यांना स्पर्धाच नव्हती. परवाने मोजके, आयात बंद, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणारे लोक. अशा बाजारात गाडी सुधारण्याचं कारणच काय? १९८० च्या दशकाच्या मध्याला जपानी कंपन्यांशी भागीदारीची दारं उघडली. यामाहाची आरएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००, इंड-सुझुकी, कावासाकी बजाज एकामागोमाग आल्या आणि दहा-बारा वर्षांत जुन्या घराण्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. लोकांनी जुन्या गाड्या सोडल्या त्या काही जाहिरातीला भुलून सोडल्या नाहीत. रोज सकाळी कामावर जायचं असलेल्या माणसाने हिशोब केला होता.

त्या माणसाची बाजू मला महत्त्वाची वाटते. सीडी १०० ची जाहिरात सांगायची: भरा, बंद करा, विसरून जा. गाडीप्रेमींना हे वाक्य खुपतं. गाडी विसरायची असते का? पण तालुक्याच्या गावाहून तीस किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षकाला, पहाटे चारला किटल्या लावून निघणाऱ्या दूधवाल्याला गाडी विसरताच यायला हवी होती. त्याआधी मोटरसायकल बाळगायची तर निम्मं मिस्त्री व्हावं लागायचं, नाहीतर मिस्त्री पोसावा लागायचा. आणि बायकांचं काय? बुलेटच्या किकचं, ती उलटी मारली तर पिंढरीला बसणाऱ्या तडाख्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा आठवून पाहावं, की पुण्याच्या रस्त्यांवर बायका मोठ्या संख्येने गाडीवर कधी दिसायला लागल्या. लुना आल्यावर, आणि मग बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आल्यावर. माझी आई आयुष्यात काकांच्या बुलेटवर कधी पुढे बसली नाही. कायनेटिकवरून मात्र ती बारा वर्षं बँकेत गेली. तिच्या दृष्टीने 'चालवण्याचा आनंद' त्या बटणाने सुरू झाला. जुन्या यंत्राचं गुणगान करताना ते यंत्र कोणाला दाराबाहेर ठेवत होतं, हे पाहिल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

इतिहासात हा वाद एकदा होऊन गेला आहे, आणि त्याचा निकालही लागला आहे. साठच्या दशकात ब्रिटिश मोटरसायकली जगात अव्वल समजल्या जायच्या. त्यांच्या इंजिनाची पेटी उभी चिरलेली, दोन अर्धी जोडून केलेली. जोडावरून तेल झिरपायचं आणि त्याची मालकांना इतकी सवय झालेली, की झिरपलं नाही तर तेल संपलं असेल असं म्हणायचे. इलेक्ट्रिक स्टार्ट म्हणजे नाजूकपणा, खरा चालवणारा किक मारतो, ही समजूत होती. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटणावर सुरू होणारी. तिची पेटी आडवी चिरलेली आणि जोड इतका नेमका, की खाली जमिनीवर डाग नाही. पुढच्या चारेक वर्षांत बीएसएसारखं नाव मोडकळीला आलं आणि ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना कसाबसा १९८३ पर्यंत तगला. जुन्या यंत्रसामग्रीवर, जुन्या मापांवर आणि जुन्या अभिमानावर ते राहिले. यंत्रातला दोष हा त्याचा स्वभाव म्हणून कौतुकाने मिरवला गेला, की तो दुरुस्त करायची गरज कोणालाच वाटेनाशी होते.

आपल्या बुलेटलाही हाच रस्ता दिसत होता. आयशर कंपनीने १९९४ मध्ये रॉयल एनफील्ड घेतली तरी २००० साली ती विकावी किंवा बंद करावी, इथवर विचार आला होता. ती वाचली कशामुळे? नव्या इंजिनामुळे. २००८-०९ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत असलेलं युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन आलं. तेव्हा 'आता ही खरी बुलेट राहिली नाही' म्हणून हळहळणाऱ्यांत मीही होतो. उजवीकडचा गिअर डावीकडे गेला होता, धडधड बदलली होती. पण आम्ही हळहळणारे नवी गाडी विकत घेत नव्हतो, जुनीच सांभाळत होतो. घेतली ती ज्यांना रूप जुनं पण सकाळी हमखास सुरू होणारी गाडी हवी होती त्यांनी. ट्रायम्फचं तेच. नव्या मालकाने इंग्लंडमधल्या हिंकलीत नव्याने उभारलेली ती कंपनी आज आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात स्पीड ४०० बनवून घेते. ज्या नावांवर जुन्याचे भक्त प्रेम करतात, ती नावं नव्या तंत्राने जिवंत ठेवली आहेत.

इथवर मी नव्या गाडीची बाजू घेतली. आता आनंदाचं बोलू, कारण नव्या गाडीवाले इथे चुकतात. ते हॉर्सपॉवरचे आकडे मांडतात आणि विचारतात, अठरा हॉर्सपॉवरच्या जड गाडीत मजा ती काय? मजा कुठे असते ते सांगतो. जुन्या ३५० बुलेटचा पिस्टन सत्तर मिलिमीटर रुंद आणि त्याची उडी नव्वद मिलिमीटरची. लांब उडी आणि जड फ्लायव्हील यामुळे ती हळू फिरते आणि हळू फिरतानाच ताकद देते. पाटण ते कोयनानगर या वळणांवर ती टॉप गिअरमध्ये पंचेचाळीस-पन्नासवर टाकावी आणि सोडून द्यावी. एकेक ठोका वेगळा मोजता येतो. चढ लागला की दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं, उतार लागला की कमी होतं, आणि कानाने, मांडीने, तळपायाने रस्त्याचा चढउतार कळत राहतो. आरएक्स हंड्रेडची मजा अगदी उलटी. जेमतेम शंभर किलो वजन, अकरा हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक इंजिन. मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) ती एकदम उठते आणि साठ किलोमीटरच्या वेगाला आपण काहीतरी धाडस केल्यासारखं वाटतं. दोन्ही गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे: आपले रस्ते आणि कायदा जो वेग देतात, त्याच वेगात त्यांचा सगळा रस भरलेला आहे. चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या आजच्या गाडीचा रस जिथे सुरू होतो तिथे आपला रस्ता संपलेला असतो, समोर बैलगाडी, खड्डा किंवा गतिरोधक असतो.

म्हणून जुन्या गाडीचा आनंद हा केवळ आठवणींचा खेळ आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याला यंत्रातली ठोस कारणं आहेत: कमी वजन किंवा कमी आरपीएम, हातापायांना मिळणारी थेट खबर, आणि चालवणाऱ्याकडून काहीतरी मागणारं यंत्र. पण या कारणांत 'जुनेपणा' कुठेच नाही. लांब उडीचं, हळू फिरणारं इंजिन आजही बनवता येतं आणि बनवतातही. २०२१ पासूनच्या क्लासिक ३५० च्या इंजिनाची उडी जवळजवळ शहाऐंशी मिलिमीटर आहे. शिवाय थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असल्याने हाताला मुंग्या येत नाहीत. हलकी गाडीही आज बनवता येईल. बाजार ती मागत नाही, एवढंच. मात्र जुनेपणाबरोबर जे हमखास येतं ते म्हणजे भीती, आणि तिला आनंद समजण्याची चूक अनेक जण करतात. राजदूत ३५० आठवा. यामाहा आरडी ३५० चं ते इंजिन तीस हॉर्सपॉवरचं, आणि मूळ जपानी गाडीवरचा पुढचा डिस्क ब्रेक काढून आपल्याकडे ड्रम ब्रेक दिलेला. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, ती ड्रमने कुठून पेलावी? त्या गाडीच्या आठवणी सांगणारे आज खूप आहेत. ज्यांना त्या ब्रेकने दगा दिला ते सांगायला आलेले नाहीत. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. ओल्या पानांवर, घाटातल्या वळणावर पुढचं चाक अडकू न देणारी ती यंत्रणा माझ्या मुलीच्या गाडीत असावी की नसावी, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. जावा-राजदूतच्या सहा व्होल्टच्या दिव्यात रात्रीचा घाट उतरलेल्या कोणालाही दुसरं काही सांगावं लागू नये.

आता त्या अडतीस हजार किलोमीटरमधल्या एका थांबण्याबद्दल. जुलै महिना, आंबा घाट, साखरप्याच्या अलीकडे. गाडी मुलगी चालवत होती, मी मागे. चहासाठी थांबलो, निघालो, आणि पहिला गिअर टाकला की इंजिन बंद. न्यूट्रलमध्ये सुरळीत सुरू, गिअर टाकला की बंद. पाच वेळा, दहा वेळा. पेट्रोल आहे, बॅटरी आहे, ठिणगी आहे, समोर पिवळा दिवाही नाही. साखरप्यातल्या मिस्त्रीने मन लावून पाहिलं आणि हात जोडले. "भाऊ, हिच्यात कुठं हात घालायचा तेच आम्हाला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. गाडी टेम्पोत घालून रत्नागिरीला नेली. दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाने दहा मिनिटांत शोधलं: साइड स्टँडचा स्विच चिखलाने अडकला होता. स्टँड खाली आहे असं गाडीला वाटत होतं, म्हणून ती गिअरमध्ये चालायला तयार नव्हती. पाण्याने धुतला, काम झालं. टेम्पोचे पैसे, एका रात्रीचा मुक्काम, एक दिवसाची रजा, आणि बिघाड काय, तर मूठभर चिखल.

स्टँडचा तो स्विच चांगला आहे. स्टँड खाली राहून डाव्या वळणावर पडलेली माणसं मला माहीत आहेत, आणि तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. माझ्या बुलेटबरोबर आलेल्या पुस्तकात पॉइंटची फट किती ठेवायची, टॅपेट कसे लावायचे, क्लच कसा उघडायचा हे आकृत्यांसह दिलं आहे. गाडीच्या पेटीत त्यासाठीचे पाने होते. नव्या गाडीच्या पुस्तकात इशारेच इशारे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक बिघाडापुढे एकच वाक्य: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. सीटखाली एक ॲलन की आणि एक पाना. स्विच अडकला तर अशी लक्षणं दिसतील आणि तो असा धुवा, हे तीन ओळींत लिहिता आलं असतं. ते न लिहिणं ही तंत्रज्ञानाची गरज नव्हती. इथे निर्णय कोणीतरी घेतलेला आहे, आणि घेतलेला निर्णय बदलता येतो.

कंपन्यांच्या बाजूचे मुद्दे मी हलके समजत नाही. एबीएसच्या यंत्रणेत अर्धवट माहितीने हात घातला तर जीव जाईल. उत्सर्जनाचं सॉफ्टवेअर ज्याला त्याला बदलू दिलं तर धुराच्या मर्यादा घालणाऱ्या बीएस-६ नियमांचा उपयोग काय? चावीची इलेक्ट्रॉनिक ओळख उघडी ठेवली तर चोरांचं फावेल. पण जीव तर ड्रमचे ब्रेक शू चुकीचे बसवले तरी जातो. ते काम गावोगावचे मिस्त्री पिढ्यान् पिढ्या करत आले, कारण ते कसं करायचं हे शिकता येत होतं. धोका असलेलं काम नीट शिकवायचं असतं. ते लपवून ठेवलं की मिस्त्री ते अंदाजाने करतो, आणि तेच जास्त धोक्याचं. उत्सर्जनाच्या नोंदी वाचता येणं वेगळं आणि त्या बदलता येणं वेगळं, पहिलं देऊन दुसऱ्याला कुलूप लावता येतं. चावीचा प्रश्न तर गाडीची कागदपत्रं दाखवून सुटतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनीच कौल दिला, की मोटार कंपन्यांनी अधिकृत केंद्रांना जी तपासणीची माहिती मिळते ती बाहेरच्या गॅरेजनाही द्यावी. तिथला मोटारधंदा काही त्यामुळे बुडाला नाही. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेर मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. ते प्रकरण चारचाकींचं होतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, वाहनांचाही त्यात समावेश केला. पण पोर्टलवर स्वेच्छेने दिलेली माहिती म्हणजे कायद्याने मिळालेला हक्क नव्हे. साखरप्याच्या मिस्त्रीच्या हातात अजून काहीच पडलेलं नाही, आणि या देशातल्या बहुतेक मोटरसायकली त्याच्याचसारख्यांच्या दारात उभ्या राहतात.

जुन्या गाड्या ठेवाव्यात की मोडीत काढाव्यात, हा प्रश्नही असाच आंधळेपणाने वयावर सोडवला जातो. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' ठरते. वीस हजार रुपये भरून तिची नोंद होते, 'व्हीए' असलेला क्रमांक मिळतो, आणि प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. पंधरा वर्षांपासून पन्नासपर्यंतच्या गाड्यांना मात्र दर पाच वर्षांनी पासिंगच्या फेऱ्या. १९८५ ची आरएक्स हंड्रेड २०३५ पर्यंत अशीच अधांतरी. टू-स्ट्रोक इंजिन जळण्याआधीच पेट्रोलचा मोठा वाटा धुराड्यातून बाहेर टाकतं, हे मी नाकारत नाही, आणि अशी गाडी रोज शहरात फिरवू नये हे मला मान्य आहे. पण वर्षाला हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि वर्षाला पंधरा हजार चालणारी गाडी यांचा हिशोब वयावरून कसा काय होतो? किलोमीटरवर मर्यादा घाला, तपासणी कडक करा. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. आमच्याच भागातल्या कारखान्यांच्या उसापासून बनलेलं ते इथेनॉल शेतकऱ्याला पैसे देतं, त्याचं मला समाधान आहे. पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर खराब करतं. माझ्या बुलेटच्या पेट्रोल कॉकचं वॉशर गेल्या वर्षात दोनदा बदलावं लागलं. कोणते भाग बदलले तर जुनी गाडी हे पेट्रोल पचवेल, याची माहिती कंपन्यांनी द्यायला काय हरकत आहे? इथेही पुन्हा माहितीपाशीच येऊन थांबतो.

आमच्या कराडच्या मिस्त्रींचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे. बुलेटच्या इंजिनाला नुसता स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून ते टॅपेटचा आवाज ओळखतात. मागच्या दिवाळीत त्यांच्या मुलाने स्वतःच्या पैशाने एक स्कॅनर आणला. परवा मुलीची गाडी घेऊन गेलो तर त्याने वायर जोडली, पडद्यावर एक कोड आला, त्याने तो वहीत उतरवून घेतला. त्याची वही आता निम्मी भरली आहे: डावीकडे कोड, उजवीकडे पेन्सिलीने लिहिलेला, अनुभवाने जुळवलेला अर्थ. काही कोडांपुढची जागा अजून मोकळी आहे. त्याने मला विचारलं, "काका, तुम्ही लिहिता-बिहिता, तर याचं छापील पुस्तक कुठं मिळतं तेवढं विचाराल का?"